उंटाच्या मेंदूचा रक्तपुरवठा: मेंढीची आकृती इथे पुरत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. तुम्ही पशुवैद्यक शाखेच्या पहिल्या वर्षाला आहात. पुस्तकात वाचलंत की रवंथ करणाऱ्या प्राण्यांत इंटर्नल कॅरोटिड, म्हणजे गळ्यातून मेंदूकडे जाणारी धमनी, जन्मानंतर बंद पडते आणि मेंदूला रक्त ‘रेटे मिराबिले’ नावाच्या बारीक धमन्यांच्या जाळ्यातून जातं. उंटही रवंथ करतो, म्हणजे त्याचंही तसंच असणार, असं तुम्ही धरलंत. मग कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंत की या जाळ्यामुळे वाळवंटातल्या उन्हातही उंटाचा मेंदू कायम तीन-चार अंशांनी थंड राहतो. आणि कॉलेजातल्या बरणीतला उंटाचा मेंदू उलटसुलट करून पाहिलात, तर जाळ्याचा पत्ताच नाही. तेव्हा पुस्तक खरं, व्हिडिओ खरा की बरणी खरी?

खरी बरणीच. पण तिच्यात जाळं सापडणारच नव्हतं.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कोणती वाहिनी कुठून कुठे जाते, हा एक. कोणत्या वाहिनीतून कोणत्या वेळी किती रक्त वाहतं आणि ते किती गरम असतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सुरी-चिमट्याने मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मेलेल्या डोक्यात कधीच मिळत नाही, त्यासाठी जिवंत आणि शक्यतो मोकळा फिरणारा प्राणी लागतो. मी शरीररचना शिकवते आणि बरीच वर्षं राजस्थान-कच्छकडच्या उंटांवर कामही केलं आहे. अनुभव असा की उंटाबद्दलचे बहुतेक गैरसमज पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावल्याने होतात.

आधी बरणीचं बघू. जाळं मेंदूवर नसतं, कवटीच्या तळाशी असतं. पिट्युटरी ग्रंथी जिथे बसते त्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाची अशुद्ध रक्ताची पोकळी असते. ती ड्यूराच्या, म्हणजे मेंदूच्या जाड आवरणाच्या पदरांमध्ये असते आणि जाळं त्या पोकळीत पडलेलं असतं. मेंदू बाहेर काढताना आपण मज्जातंतू कापतो, पिट्युटरीचा देठ तोडतो आणि मेंदू उचलतो. आवरणाचा तळाचा भाग हाडाला चिकटून राहतो, आणि त्याच्यासोबत जाळंही. काढलेल्या मेंदूच्या तळाशी दिसतो तो धमन्यांचा गोल, सर्कल ऑफ विलिस, म्हणजे जाळ्याच्या पुढचा टप्पा. जाळं बघायचं तर रिकामी कवटी हातात घ्यावी लागते, आणि ती कोणी बरणीत ठेवत नाही. प्रयोगशाळेत दरवर्षी कोणीतरी ‘मॅडम, जाळं नाहीये’ म्हणत येतं, तेव्हा मी एवढंच विचारते, ‘कवटी कुठे टाकली?’

आता रक्ताची वाट. मानेतून दोन्ही बाजूंनी कॉमन कॅरोटिड वर येतात. मेंढी-बकरीत तिची मोठी शाखा एक्स्टर्नल कॅरोटिड, तिच्यातून मॅक्सिलरी (जबड्याकडे जाणारी), आणि मॅक्सिलरीतून निघालेल्या शाखा कवटीच्या तळाच्या छिद्रांतून आत शिरून जाळ्यात फुटतात. जाळ्यातले सगळे बारीक फाटे पुन्हा एकत्र येऊन एकच धमनी होते, ती ड्यूरा भेदून वर येते आणि पुढे-मागे फाटा देऊन विलिसच्या गोलाला मिळते. इंटर्नल कॅरोटिडचा कवटीबाहेरचा भाग मोठ्या मेंढीत जिवंत नळी म्हणून उरत नाही, तंतूंची दोरी उरते. पुस्तकातलं वाक्य याच प्राण्यांसाठी लिहिलेलं आहे, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे.

उंट त्या वाक्यात बसत नाही. रवंथ करत असला तरी तो गाय-मेंढी-हरणांच्या गटातला नाही. त्याचा टायलोपोडा गट चार कोटी वर्षांहून आधीच वेगळा झाला आहे. पोटाचे कप्पे वेगळे, पायाची ठेवण वेगळी, रक्तातल्या तांबड्या पेशीसुद्धा लांबट, अंडाकृती. आणि उंटाच्या कुळात इंटर्नल कॅरोटिड मोठेपणीही उघडी राहते. २०१७ साली अल्पाकाच्या डोक्यातल्या धमन्यांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं, त्यात जन्माच्या सुमाराचं पिल्लू आणि मोठा प्राणी दोन्ही पाहिले होते. दोघांतही ही धमनी उघडीच होती, म्हणजे ती आयुष्यभर टिकते. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला नातलग. एका मदारीच्या उंटात, म्हणजे आपल्याकडच्या उंटात, मांडणी त्याच धर्तीची आहे: जाळंही आहे आणि इंटर्नल कॅरोटिडही आहे. मॅक्सिलरीकडून येणारं रक्त आणि इंटर्नल कॅरोटिडकडून येणारं रक्त, दोन्ही वाटा जाळ्याकडे येतात.

म्हणून ‘उंटात जाळं इंटर्नल कॅरोटिडची जागा घेतं’ असं लिहू नका. ‘जाळ्यासोबत इंटर्नल कॅरोटिडही टिकते’ असं लिहा. फरक शब्दांचा वाटेल, पण या एका फरकामुळे उंटाच्या डोक्यात लेटेक्स (वाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून भरायचं रंगीत पातळ रबर) कुठून भरायचं, रक्ताच्या गाठीचा तुकडा सुटला तर कुठे अडकेल, शिरेऐवजी चुकून धमनीत गेलेलं औषध मेंदूला किती सरळ पोचेल, हे सगळं बदलतं.

तिसरी वाट मागून येते, व्हर्टिब्रल धमन्यांची. इथे उंटाची हाडं हाताळताना हमखास गोंधळ होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत मानेच्या मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांना छिद्र असतं आणि व्हर्टिब्रल धमनी त्यातून वर चढते. उंटाच्या मानेचा मधला मणका हातात घ्या, ते छिद्र नेहमीच्या जागी दिसणार नाही. उंटाच्या कुळात धमनीचा रस्ता मणक्याच्या मुख्य पोकळीत उघडतो, आणि पुढे कमानीच्या आतल्या अंगाला असलेल्या लहानशा बोगद्यातून जातो. जीवाश्म ओळखणारे लोक या एका खुणेवरून उंटकुळातला मणका ओळखतात. आपल्या कामाच्या दृष्टीने अर्थ असा की मानेच्या मध्यावर ही धमनी बाहेरून शोधून बांधणं जवळपास अशक्य. लेटेक्स भरताना तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर मानेच्या बुडाशी, ती मणक्यात शिरण्याआधीच गाठावी लागते.

या मागच्या वाटेचा मेंदूत वाटा किती, हे प्राण्यागणिक फार बदलतं. मेंढीत मेंदूचा जवळजवळ सगळा पुरवठा कॅरोटिडकडून आणि जाळ्यातून येतो, इतका की बॅसिलर, म्हणजे मेंदूच्या देठाखालून जाणाऱ्या धमनीतलं रक्तही पुढून मागे वाहतं. गायीत व्हर्टिब्रलचे फाटे कवटीच्या मागच्या बाजूच्या वेगळ्या जाळ्याला जोडलेले असतात, त्यामुळे गळ्यातल्या दोन्ही कॅरोटिड कापल्या गेल्या तरी मेंदूला काही काळ मागून रक्त मिळत राहतं. कत्तलीच्या वेळी मेंढीची शुद्ध लवकर जाते आणि गायीची कधीकधी उशिरा जाते त्याचं हे एक कारण. दोन्ही रवंथ करणारे, दोन्हीत जाळं, तरी इतका फरक. मेंढीवरून गायीचं अनुमान चुकतं तिथे मेंढीवरून उंटाचं कसं बरोबर येईल? उंटातही व्हर्टिब्रलच्या फाट्यांची जाडी आणि बॅसिलरशी त्यांचं मिळणं एका जनावरातून दुसऱ्या जनावरात थोडंफार बदलतं. त्यातून भरताना दाब किती दिला, कोणत्या वाहिनीतून भरलं, दुसऱ्या बाजूची बांधली होती का, यावर साच्यात काय दिसतं ते ठरतं. जोरात भरलेलं लेटेक्स उलट दिशेनेही जातं आणि मग ‘व्हर्टिब्रल इथे मिळते’ असं ठासून सांगितलं जातं. मिळत असेलही, पण जिवंतपणी रक्त त्या दिशेने जात होतं असं त्यावरून ठरत नाही.

इथपर्यंतचं आटोपशीर सांगायचं तर: उंटाच्या मेंदूकडे रक्त तीन वाटांनी येतं, मॅक्सिलरीतून जाळ्यात, इंटर्नल कॅरोटिडमधून जाळ्याकडे आणि मागून व्हर्टिब्रलमधून. जाळं कवटीच्या तळाशी, काढलेल्या मेंदूवर नाही. इंटर्नल कॅरोटिड उघडी, मेंढीसारखी बंद नाही.

आता थंडाव्याचं. याच भागात सगळ्यात जास्त थापा चालतात, म्हणून जरा थांबून सांगते.

गरम दुधाचं पातेलं आपण परातीतल्या पाण्यात ठेवतो. दूध आणि पाणी मिसळत नाहीत, पण पातेल्याच्या पत्र्यातून उष्णता पाण्यात जाते. जाळ्याचं तसंच आहे. धमन्यांचे बारीक फाटे कॅव्हर्नस सायनसच्या अशुद्ध रक्तात बुडालेले असतात. फाटे बारीक आणि पुष्कळ, म्हणून स्पर्शाचं क्षेत्र मोठं. सायनसमधलं रक्त थंड असेल तर मेंदूकडे निघालेलं धमनीतलं रक्त वाटेत थंड होतं. इथली ‘असेल तर’ ही अट व्हिडिओवाले गाळतात. जाळं स्वतः काहीच थंड करत नाही. सायनसमध्ये थंड रक्त आलं तर ते उपयोगी, नाही आलं तर ती नुसती फाटे फुटलेली धमनी.

मग थंड रक्त येतं कुठून? नाकातून. उंटाच्या नाकातली हाडांची पापुद्र्यासारखी गुंडाळी, टर्बिनेट, इतकी दाट असते की आतल्या ओल्या त्वचेचं क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. कोरडी हवा आत येताना या त्वचेवरचं पाणी वाफ होतं, त्वचा थंड होते, तिच्यातलं रक्त थंड होतं. उंट कुत्र्यासारखा धापा टाकत नाही, पण नेहमीच्या संथ श्वासावरसुद्धा एवढ्या मोठ्या ओल्या पृष्ठभागाचं काम चालतं. ते थंड रक्त नाकाच्या वरच्या शिरांमधून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी येतं. तिथे दोन रस्ते फुटतात. एक अँग्युलर शिरेतून डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून कॅव्हर्नस सायनसमध्ये. दुसरा फेशियल शिरेतून गालावरून खाली, गळ्याच्या शिरेत (म्हणजे जुग्युलरमध्ये) आणि सरळ हृदयाकडे. पहिल्या रस्त्याने गेलं तर मेंदू थंड होतो, दुसऱ्याने गेलं तर मेंदूला त्याचा काही उपयोग नाही.

कोणता रस्ता उघडायचा ते शिरांच्या भिंतीतले स्नायू ठरवतात आणि त्यांवर सिंपथेटिक मज्जासंस्थेचा ताबा असतो. रेनडियरमध्ये हे १९८०च्या दशकात नीट दाखवलं गेलं. उंटाच्या चेहऱ्यावरच्या शिरांचा याच दृष्टीने केलेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणी घाबरला, पळायला लागला, सिंपथेटिकचा जोर वाढला की अँग्युलर शीर आकसते आणि नाकातलं थंड रक्त सायनसला वगळून जातं. म्हणजे थंडावा बंद.

आता गंमत बघा. ही कल्पना गाजली ती उलट कारणाने. १९७२ साली टेलर आणि लायमन यांनी थॉमसन गॅझेल या हरणाला पळवून मापं घेतली, तेव्हा मेंदू कॅरोटिडमधल्या रक्तापेक्षा जवळपास ३ अंशांनी थंड आढळला. तिथून गोष्ट रुळली की वाघ-चित्ता मागे लागला की शरीर तापतं पण जाळं मेंदू वाचवतं. पुढे मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात तापमानाची नोंद ठेवणारी यंत्रं बसवता आली. १९९४ मध्ये काळ्या वाइल्डबीस्ट या आफ्रिकेतल्या प्राण्यावरचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नेमकं पळापळीच्या वेळी थंडावा नाहीसा होत होता, आणि निवांत उभ्या प्राण्यात तो दिसत होता. मेंदू वाचवण्याची सोय असती तर गरजेच्या वेळी बंद का पडावी?

माझ्या मते हा प्रश्नच निर्णायक आहे. आज जे स्पष्टीकरण मला पटतं ते पाणी वाचवण्याचं. शरीराचं तापमान किती झालं हे मेंदूतला हायपोथॅलॅमस मोजतो. त्याला पोचणारं रक्त थंड करून पाठवलं तर त्याला शरीर जितकं तापलं आहे तितकं तापलेलं वाटत नाही, आणि तो घाम गाळायचा हुकूम उशिरा आणि कमी देतो. शरीर तापू दिलं जातं, पाणी वाचतं. अरबी ओरिक्स या वाळवंटी हरणावरच्या २०१२च्या अभ्यासात उष्ण-कोरड्या काळात हा थंडावा जास्त वापरला जातो असं दिसलं, ते याच्याशी जुळतं.

उंटात या गोष्टीचं वजन किती, त्याचा हिशेब करता येतो. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात अल्जीरियातल्या सहारात, बेनी अब्बेसला, उंटांची मापं घेतली. रोज पाणी मिळणाऱ्या उंटाचं तापमान दिवसभरात दोनेक अंशांनी हलतं. पाण्याविना ठेवलेल्या उंटाचं पहाटे ३४ अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी ४० अंशांच्या वर जातं. सहा अंशांची ही वाढ म्हणजे साठवलेली उष्णता. ५०० किलोचा उंट धरा. शरीराची उष्णताधारकता पाण्याच्या सुमारे ०.८ पट. ५०० गुणिले ०.८ गुणिले ६, म्हणजे २,४०० किलोकॅलरी. एक लिटर घाम उडून जाताना साधारण ५८० किलोकॅलरी नेतो. म्हणजे तेवढी उष्णता घामाने काढायची असती तर ४ लिटरहून जास्त पाणी गेलं असतं. त्याऐवजी ती रात्रीच्या गार हवेत फुकट सोडून देता येते. रोजचे चार लिटर. आठवडाभर पाणी न दिसणाऱ्या जनावरासाठी हे लहान नाही.

हे सगळे चार लिटर जाळ्यामुळे वाचतात असं म्हणू नका. शरीराचं तापमान एवढं हलू देण्यामागे उंटाचा मोठा देह, पाठीवरची लोकर, उन्हाकडे तोंड करून बसायची सवय अशा बऱ्याच गोष्टी आहेत. जाळं त्यांच्यातलं एक. त्याचा नेमका वाटा त्या दिवशी प्राणी किती तहानलेला आहे, हवा किती कोरडी आहे, तो शांत आहे की बिथरलेला, यावर अवलंबून. म्हणून ‘कायम तीन-चार अंश थंड’ हे वाक्य दोन्हीकडून चूक आहे, ‘कायम’ही आणि ‘तीन-चार’ही. गार पहाटे, शरीर ३५ अंशांवर असताना मेंदू थंड करायचं काही कारणच नसतं.

आता मागच्या वाटेकडे परत येते, कारण ती इथे महत्त्वाची ठरते. जाळ्यातून येणारं रक्त थंड होतं, मग ते मॅक्सिलरीतून आलेलं असो की इंटर्नल कॅरोटिडमधून जाळ्याला मिळालेलं. व्हर्टिब्रलमधून बॅसिलरला येणारं रक्त मात्र जाळ्याला स्पर्शच करत नाही, ते शरीराच्या तापमानावरच येतं. तेव्हा ‘मेंदूचं तापमान’ असा एकच आकडा कोणी दिला की मी विचारते, तापमापक मेंदूत कुठे ठेवला होता? हायपोथॅलॅमसजवळ ठेवला असेल तर तो जाळ्याच्या उंबरठ्यावरच बसलेला आहे, थंडावा ठळक दिसणारच. मेंदूच्या देठाशी ठेवला तर आकडा वेगळा येऊ शकतो. दोन अभ्यासांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा कोण चुकलं हे शोधण्याआधी तापमापकाची जागा बघायची.

लांब मानेमुळे डोकं खाली-वर करताना रक्तदाब सांभाळायला जाळं आहे, असंही तुम्ही कुठेतरी वाचाल. पाणी पिताना उंटाचं डोकं हृदयाच्या बरंच खाली जातं हे खरं. पण आखूड मानेच्या बकरीत आणि डुकरातही जाळं आहे, आणि लांब मानेच्या घोड्यात मुळीच नाही. मानेसाठी म्हणून जाळं आलं असतं तर यादी अशी निघाली नसती. जाळं आहे म्हटल्यावर दाबाच्या लाटा थोड्याफार शमत असतील, पण ते त्याचं मुख्य काम म्हणून मी शिकवत नाही.

माणसात हे जाळं नाही. ते आहे असं वैद्यकशास्त्र हजारभर वर्षं मानत होतं, कारण गेलन या रोमन काळातल्या वैद्याने दुसऱ्या शतकात बैलासारख्या जनावरांची डोकी उघडून पाहिली आणि माणसातही तसंच असणार असं लिहिलं. बेरेंगारिओ दा कार्पी या इटालियन शरीररचनाकाराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘मला माणसात ते सापडत नाही’ अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं, आणि १५४३ मध्ये व्हेसालिअस या शरीररचनाकाराने त्यावर शिक्का मारला. मेंढीची आकृती बघून उंटाबद्दल लिहिणाऱ्यांना मी हा किस्सा मुद्दाम सांगते.

तुम्ही पुढे उंटांवर काम करणार की नाही माहीत नाही. महाराष्ट्रात उंट म्हणजे चौपाटीवरचे, नाहीतर विदर्भात मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या रबारींच्या सामानाचे. पण कधी हाताखाली आलाच तर या शरीररचनेच्या दोन गोष्टी रोजच्या कामात लागतात.

एक, ताप. दुपारी तीनला गुदद्वारातलं तापमान ३९.५ आलं म्हणून नवखे डॉक्टर अँटिबायोटिक काढतात. उन्हाळ्यात तहानलेल्या निरोगी उंटात तो आकडा सहज येतो. आधी विचारा, पाणी कधी पाजलं होतं? मग दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा मोजा. पहाटे ३५-३६ वर उतरलं असेल तर ताप नव्हे. पहाटेही चढलेलंच असेल तर मात्र मनावर घ्या आणि रक्ताची काच करून सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग, आहे का बघा. उंटवाले त्याला तिबरसा म्हणतात. एकाच वेळचा आकडा घेऊन निदान करायचं जनावर उंट नव्हे.

दोन, गळ्याच्या शिरेतलं इंजेक्शन. मानेत जुग्युलर आणि कॉमन कॅरोटिड फार दूर नसतात. हलणाऱ्या, ओरडणाऱ्या उंटाच्या मानेत सुई खोल गेली तर ती धमनीत जाऊ शकते. झायलाझिनसारखं गुंगीचं औषध कॅरोटिडमध्ये गेलं की ते हृदयाकडे जाऊन सगळ्या रक्तात मिसळत नाही, काही क्षणांत आहे तसं डोक्यात पोचतं. जनावर धाडकन कोसळतं, झटके येतात. जाळं मध्ये आहे म्हणून औषध अडेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. जाळं उष्णता काढतं, औषध गाळत नाही. म्हणून सिरिंज जोडलेली सुई कधीच टोचायची नाही. आधी नुसती जाड सुई घालायची आणि रक्त बघायचं. गडद, संथ ठिबकत असेल तर शीर. लालभडक आणि ठोक्यागणिक उसळत असेल तर सुई काढून निदान पाच मिनिटं दाबून धरायचं आणि दुसरी जागा बघायची.

शेवटी, जाळं स्वतः बघायचं असेल तर उंटाच्या डोक्याची वाट बघत बसू नका. खाटकाकडून बकऱ्याची मुंडी आणा, पण आदल्या दिवशी सांगून ठेवा की वीतभर मान राहू दे आणि भेज्यासाठी कवटी फोडू नकोस. मानेत दोन्ही कॅरोटिड शोधा, श्वासनलिकेच्या बाजूला, शेजारी पांढरा व्हेगस मज्जातंतू असतो. एकीत नळी बांधा, कोमट सलाइनने धुवा, शिरांमधून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. मग दुसऱ्या बाजूची कॅरोटिड आणि मानेच्या कापलेल्या भागात जे जे गळतंय ते बांधून टाका, आणि लाल लेटेक्स हळूहळू भरा. घाई केली तर जाळ्यातले बारीक फाटे फुटून सायनस लाल होतो आणि काही ओळखू येत नाही. रात्रभर थंडीत ठेवा, मग फॉर्मॅलिनमध्ये, लेटेक्स घट्ट होईपर्यंत.

कवटीची टोपी करवतीने काढा, मेंदू पुढून मागे उचलत एकेक मज्जातंतू कापत बाहेर घ्या. आता खाली बघा. मध्ये पिट्युटरीची लहान गोळी दिसेल, तिच्या दोन्ही बाजूंना ड्यूरा किंचित फुगलेला. तो चिमट्याने उचलून बारीक कात्रीने चिरा. आत लाल दोऱ्यांचा गुंता दिसेल, तेच जाळं. त्यातून वर निघणारी जाड धमनी बोटाने धरून ठेवा आणि मग कवटीबाहेर, खालच्या बाजूने, इंटर्नल कॅरोटिड शोधायला लागा. बकऱ्यात तिथे लाल नळी मिळणार नाही, मिळाला तर पांढरा तंतू मिळेल. उंटाच्या डोक्यावर हेच काम कराल तेव्हा त्याच जागी लेटेक्सने भरलेली धमनी हाताला लागली पाहिजे. लागली नाही तर ‘उंटातही बंद असते’ असं वहीत लिहिण्याआधी त्या बाजूची कॅरोटिड भरली होती का, आणि मान किती उंचावर कापली होती, ते तपासा.